महाग वस्तू आणि हिशेबी गिऱ्हाईक

परदेशी माल या देशात शिरला तो बहुधा स्वस्ताईच्या दाराने शिरला, असे गेल्या दोनशे वर्षांच्या व्यापाराकडे पाहता म्हणावे लागते. मँचेस्टरचे कापड घरोघर पोचले ते यंत्रावर निघाल्यामुळे कोष्ट्याच्या कापडाहून स्वस्त पडे म्हणून. पुण्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी १८७२ साली हाताने कातलेल्या देशी सुताची वस्त्रे वापरण्याचे व्रत घेतले, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच जाड्याभरड्या वेषात गेले. पुढे १९०५ च्या ऑक्टोबरात याच शहरात विलायती कापडाची होळी झाली. या दोन्ही वेळी चळवळीच्या पुढाऱ्यांपुढे अडचण एकच होती. देशी माल महाग होता आणि विलायती स्वस्त होता. एका पारड्यात देशाभिमान आणि दुसऱ्या पारड्यात आण्या-दोन आण्यांचा फरक असा तो तराजू होता. आणि महिन्याचा जमाखर्च जुळविणाऱ्या गृहस्थाला हे दुसरे पारडेही जड वाटे, यात नवल नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच्या नेमका उलट प्रकार घडला. अमेरिकेतील ॲपल कंपनीचा आयफोन हा परदेशी माल येथे आला तो महाग म्हणून, आणि आपले महागपण न लपविता आला. २००८ सालच्या ऑगस्टात तो या देशात प्रथम विक्रीस निघाला. आणि २०२५ सालच्या सप्टेंबरात पुण्याच्या कोरेगाव पार्क भागात कंपनीने स्वतःच्या नावाचे दुकान उघडले. या दोन घटनांमध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे. जगातील अत्यंत धनाढ्य कंपन्यांपैकी एकीला पुण्यासारख्या सुशिक्षित शहरात आपली पाटी लावावयास एवढा काळ का लागावा? गिऱ्हाईक बदलले की व्यापारी बदलला? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हिशेबाचा एक उद्‌बोधक इतिहास हाती येतो.

तो समजण्यास आयफोनच्या आगमनापूर्वीचा बाजार प्रथम पाहिला पाहिजे. भारतात मोबाइल फोनवरून पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान. त्या काळी एका मिनिटाच्या बोलण्यास सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि दुसऱ्याने केलेला फोन घेतला तरी त्याचेही पैसे भरावे लागत. येणारे फोन मोफत झाले ते २००३ साली. अशा स्थितीत लोकांनी एक युक्ती काढली. घंटी एकदा वाजवावयाची आणि समोरच्याने फोन उचलण्याच्या आत तोडावयाची. “पोचलो”, “खाली ये”, “आता तू फोन कर” असे नाना निरोप या तुटलेल्या घंटीतून एक पैही न खर्चता जात. ज्या देशात घंटीचीही भाषा बनते, त्या देशातील गिऱ्हाईक किती बारीक हिशेब करीत असेल, याची कल्पना यावरून यावी.

त्याच २००३ साली रिलायन्सने प्रारंभी अवघे ५०१ रुपये घेऊन फोन हाती देण्याची योजना काढली, आणि नोकिया कंपनीने ११०० या क्रमांकाचा फोन बाजारात आणला. या साध्या फोनाच्या माथ्यावर एक लहानशी विजेरी होती आणि कळफलकात धूळ शिरू नये अशी व्यवस्था होती. वीज जाणाऱ्या गावांना विजेरी हवी होती आणि धुळीच्या रस्त्यांना धुळीपासून बचाव हवा होता. जगभर असे पंचवीस कोटींहून अधिक फोन खपले. परदेशी कारखानदाराने गिऱ्हाईकाच्या घरात डोकावून वस्तू केली, तर ती कशी उचलली जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. भारतातील दहापैकी नऊंहून अधिक मोबाइलधारक आधी पैसे भरून मग बोलणारे होते. महिन्याच्या शेवटी बिल येण्याची त्यांना धास्ती वाटे. हातात पैसे असतील तेवढेच बोलावे, हा त्यांचा शिरस्ता होता.

अशा या बाजारात २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल व व्होडाफोन या दोन कंपन्यांनी आयफोन थ्रीजी विक्रीस ठेवला. लहान साठवणीच्या फोनाची किंमत ३१,००० रुपये आणि मोठ्या साठवणीच्या फोनाची ३६,१०० रुपये. हाच फोन अमेरिकेत १९९ डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या विनिमयाने साडेआठ हजार रुपयांच्या आसपास मिळतो, ही वार्ता वर्तमानपत्रांतून सर्वत्र पसरली होती. साहजिकच लोकांना वाटले की ही उघड लूट आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी होती. अमेरिकेत गिऱ्हाईक दोन वर्षांचा करार करी, आणि फोनाच्या किमतीचा मोठा वाटा टेलिफोन कंपनी स्वतः सोसून तो महिन्याच्या बिलातून हळूहळू वसूल करी. तेथील १९९ डॉलर ही पूर्ण किंमत नव्हतीच. ती जणू विसाराची रक्कम होती. भारतात असा करार बहुतेक लोकांच्या अंगवळणीच नव्हता; त्यामुळे येथे पूर्ण किंमत एकदम आणि रोख मागितली गेली. किमतीची मांडणी अमेरिकेतील व्यवहारावर बेतलेली होती. येथे आली ती केवळ तिची बेरीज.

केवळ किमतीची गोष्ट असती तर ती काही लोकांनी सोसली असती. परंतु त्या फोनाच्या नावातच थ्रीजी, म्हणजे तिसऱ्या पिढीचे जाळे होते, आणि ते जाळे या देशात त्या दिवशी अस्तित्वातच नव्हते. सरकारी कंपनीने ते दिल्लीत सुरू केले डिसेंबर २००८ मध्ये, आणि खाजगी कंपन्यांसाठी त्याच्या लहरींचा लिलाव झाला २०१० साली. ज्या गुणासाठी अधिक दाम द्यावयाचे, तो गुण दोन-अडीच वर्षे निरुपयोगी राहणार होता. शिवाय येथील पुष्कळ लोक एका फोनात दोन कंपन्यांची सिमकार्डे घालीत. एक स्वस्त बोलण्यासाठी व दुसरे जुना क्रमांक सांभाळण्यासाठी. आयफोनमध्ये दोन क्रमांकांची सोय झाली ती थेट २०१८ साली. बॅटरी बाहेर काढता येत नसे आणि साठवण वाढवावयास जादा कार्ड बसत नसे. दुकानी आलेला गृहस्थ या साऱ्याचा विचार करी, वस्तूची तारीफ करी, आणि नमस्कार करून परत जाई.

याच सुमारास गुरगावच्या मायक्रोमॅक्स कंपनीने एकदा विद्युत्भारित केल्यावर तीस दिवस चालणारी बॅटरी असलेला फोन काढला आणि पाठोपाठ दोन सिमकार्डांचे स्वस्त फोन बाजारात आणले. विजेचा भरवसा नसलेल्या खेड्यात तीस दिवसांच्या बॅटरीचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको. पुढे जुलै २०१४ मध्ये चीनच्या शाओमी कंपनीने १३,९९९ रुपयांत असा फोन दिला की त्याच्या यंत्रसामग्रीची तुलना दुप्पट-तिप्पट किमतीच्या फोनांशी होऊ लागली. आणि त्याच वर्षी ५,९९९ रुपयांचा दुसरा फोन आणला. दुकानदार, अडते, मोठ्या जाहिराती या साऱ्यांना फाटा देऊन केवळ फ्लिपकार्टमार्फत विक्री केल्याने हा भाव परवडत होता. उलट ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी २०१२ सालीच अशी अडचण बोलून दाखविली होती की भारतात माल विकताना मधल्या पायऱ्या फार असल्याने खर्च वाढतो. पायऱ्या सर्वांनाच होत्या; पण त्या टाळण्याची निकड एकाला वाटली आणि दुसऱ्याला पुष्कळ दिवस वाटली नाही.

मग कंपनीने काय केले? तिने जुना माल काढला. २०१० साली जन्मलेला आणि २०१३ च्या अखेरीस अन्य देशांच्या यादीतून गेलेला आयफोन ४ हा फोन २०१४ च्या आरंभी भारतात पुन्हा विक्रीस आणण्यात आला. कल्पना अशी की ज्याला नवा परवडत नाही त्याला जुना चालेल. या कल्पनेला पुणे परिसरातच एक पूर्वीचा दाखला होता. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९९४ साली भारतात पाऊल टाकले आणि टाटांच्या टेल्को कंपनीच्या पिंपरी येथील आवारात १९९५ साली पहिली मोटार जुळविली. ती उत्तम होती यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी युरोपात तिच्या जागी तिची नवी आवृत्ती विक्रीस निघाली होती. येथील गिऱ्हाईक लक्षाधीश असला तरी नियतकालिके वाचणारा होता. जे तिकडे मागे पडले ते इकडे नवे म्हणून का घ्यावे, असा त्याचा साधा सवाल होता; आणि पहिली काही वर्षे विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. पुढे कंपनीने नव्या आवृत्त्या येथेच जुळविण्यास प्रारंभ केला आणि २००९ साली चाकण येथे स्वतःचा कारखाना उभारला, तेव्हा तिचा जम बसला. ॲपललाही हाच धडा मिळावयाचा होता.

तो मिळण्यापूर्वी कंपनीने आणखी एक मार्ग चाचपून पाहिला. अन्य देशांत वापरून परत आलेले फोन दुरुस्त करून भारतात आणावे व कमी दराने विकावे, अशी परवानगी तिने मागितली. २०१६ साली सरकारने ती नाकारली. जुन्या उपकरणांचा कचरा देशात साठेल, ही भीती त्यामागे होती. शिवाय येथील कारखानदारांचाही या मागणीस विरोध होता. स्वतःचे दुकान उघडावयाचे तर मालाचा तीस टक्के भाग देशातून घेतला पाहिजे, अशीही अट होती. ती सैल झाली २०१९ च्या ऑगस्टात. तोवर सर्व विक्री दुसऱ्यांच्या दुकानांतून चाले.

जकातीचा प्रश्न त्याहून बिकट झाला. डिसेंबर २०१७ मध्ये परदेशातून येणाऱ्या फोनांवरील जकात दहा टक्क्यांवरून पंधरा टक्के झाली आणि फेब्रुवारी २०१८ च्या अंदाजपत्रकात ती वीस टक्क्यांवर गेली. कंपनीने त्याआधी मे २०१७ पासून बेंगळूर येथे विस्ट्रॉन या तैवानी कंपनीमार्फत एसई नावाचा लहान फोन जुळविण्यास सुरुवात केली होती. परंतु नवे व मोठे फोन बाहेरूनच येत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आयफोन एक्सआर आला तो ७६,९०० रुपयांना. अमेरिकेत त्याची किंमत कर वगळून ७४९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५५,००० रुपये होती. येथील किमतीतून वस्तू व सेवा कर वजा घातला तरी ६८,००० च्या वर रक्कम उरत होती. याचा अर्थ, पुण्यातील गिऱ्हाईकास त्याच वस्तूकरिता तेरा-साडेतेरा हजार रुपये अधिक मोजावे लागत होते, आणि त्यातून त्याच्या पदरी अधिक काहीच पडत नव्हते. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थांच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली आयफोनची विक्री आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आली. दहा वर्षांच्या धडपडीनंतर कंपनी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन ठेपली.

येथे थोडे थांबून गिऱ्हाईकाच्या बाजूने विचार करावयास हवा. या काळात भारतीय बाजाराविषयी एक वाक्य पुष्कळांच्या तोंडी असे, की येथील लोक फक्त किंमत पाहतात. हे म्हणणे अपुरे आहे. हाच वर्ग सोने विकत घेतो, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो, पुण्यात घर घेण्यासाठी वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेतो. तो किंमत पाहतो खरी. पण किमतीबरोबर वस्तू किती वर्षे टिकेल, बिघडल्यास काय पडेल आणि मोडीत काढल्यास काय येईल, हेही पाहतो. बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत विजेचे सामान घ्यावयास गेलेला मनुष्य दोन दुकाने अधिक फिरतो, ते चार रुपये वाचविण्याकरिता नव्हे, तर आपण फसलो नाही याची खात्री करून घेण्याकरिता. मराठीत ‘महाग’ आणि ‘न परवडणारे’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांचे अर्थही निराळे आहेत. महाग वस्तू परवडू शकते. स्वस्त वस्तूही कित्येकदा परवडत नाही. आयफोन पहिल्या दहा वर्षांत येथे महाग होता म्हणून हरला, यापेक्षा त्याची महागाई अन्यायाची वाटत होती म्हणून हरला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

कारण पुढे जे घडले त्यात हेच दिसून येते. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने एक्सआरची किंमत एकदम १७,००० रुपयांनी उतरवून ५९,९०० केली, आणि लोक दुकानात येऊ लागले. त्याच सप्टेंबरात नवा आयफोन ११ आला तो ६४,९०० रुपयांना, म्हणजे आदल्या वर्षीच्या फोनाच्या आरंभीच्या किमतीहून बारा हजारांनी कमी. विशेष हे की तो नवा होता, जुना नव्हे. २३ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने संगणकावरून घरपोच विक्रीचे स्वतःचे दुकान भारतासाठी उघडले. याच वर्षी येथे माल तयार करणाऱ्या कारखानदारांना उत्पादनाच्या प्रमाणात प्रोत्साहनपर रक्कम देण्याची सरकारी योजना आली. तमिळनाडू व कर्नाटक येथे फॉक्सकॉन, पेगाट्रॉन व विस्ट्रॉन या कंपन्यांचे कारखाने वाढले, आणि २०२३ साली विस्ट्रॉनचा कर्नाटकातील कारखाना टाटांनी विकत घेण्याचे ठरविले. २०२४ च्या जुलैत जकातही पंधरा टक्क्यांवर उतरली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतातून सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे आयफोन परदेशी गेले. ज्या देशाला एकदा जुना माल देऊ केला होता, त्याच देशातून नवा माल जगात जाऊ लागला, ही या इतिहासातील मोठी उलथापालथ होय.

या साऱ्याचा किमतीवर परिणाम काय झाला, हे आकड्यांनी पाहणे बरे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ ची भारतातील आरंभीची किंमत ८२,९०० रुपये. तीतून अठरा टक्के वस्तू व सेवा कर बाजूस काढल्यास सुमारे ७०,२५० रुपये उरतात. अमेरिकेतील किंमत कर वगळून ७९९ डॉलर, म्हणजे त्या महिन्याच्या विनिमयाने जवळजवळ तेवढीच. २०१८ साली जी तेरा हजारांची तफावत होती ती सात वर्षांत नाहीशी झाली. त्याचबरोबर, २००८ सालच्या ३१,००० रुपयांना सतरा वर्षांच्या महागाईचा गुणक लावला, तर ती रक्कम २०२५ च्या किमतीपासून फारशी दूर राहत नाही. मेहनतीच्या पैशात मोजल्यास फोन स्वस्त झाला नाही. मात्र भारतीय गिऱ्हाईकाच्या माथी बसलेला जादा दंड तेवढा गेला.

वस्तूची उपयुक्तता मात्र या काळात अनेक पटींनी वाढली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर कोसळला; त्याच वर्षी यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धत आली, आणि भाजीवाल्यापासून बँकेपर्यंतचे सारे व्यवहार खिशातल्या फोनावर होऊ लागले. २००८ साली जो फोन शोभेचा होता, तो २०२० नंतर कपाट, पाकीट, छायाचित्रयंत्र आणि बँकेचे पासबुक असे सर्व काही झाला. तो पाच-सहा वर्षे नीट चालतो आणि जुना झाल्यावरही त्याला बरा भाव येतो, हा अनुभव हिशेबी गिऱ्हाईकाच्या वहीत नोंदला गेला. इंटरनॅशनल डेटा कॉर्पोरेशन या संस्थेच्या गणनेनुसार २०२४ साली भारतात सुमारे १५ कोटी स्मार्टफोन आले व त्यांपैकी सुमारे १ कोटी २० लाख आयफोन होते. म्हणजे दर बारा-तेरा फोनांत एक. संख्येने अजून तो अल्पच, पण उपहासाचा विषय राहिला नाही.

येथवरची कथा गिऱ्हाईकाच्या विजयाची आहे. परंतु तिचा एक भाग उरतो, आणि तो पुण्याशी फार निकटचा आहे. ८२,९०० रुपयांची रोख रक्कम घरात काढून ठेवणारी कुटुंबे दर बारा-तेरांत एक आहेत काय? तसे मानणे कठीण आहे. मग हे फोन घेतले जातात कसे? याचे उत्तर हप्त्यांत आहे.

हप्तेबंदी ही गोष्ट या देशाला नवी नव्हे. शिवणयंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभापासून हप्त्यांनी विकली जात. पुण्यातील भिशी हीही एक प्रकारची हप्तेबंदीच. मात्र तीत आधी साठविले जाते व मग खर्च होतो. स्कूटरचा काळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील चेतक स्कूटर १९७२ साली निघाली, आणि तिच्यासाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. गिऱ्हाईकाजवळ पैसे तयार असत, माल तयार नसे. पुढे काळ पालटला. माल भरपूर झाला आणि पैसे कमी पडू लागले. १९८७ साली बजाज ऑटो फायनान्स ही कंपनी पुण्यात स्थापन झाली ती दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी कर्ज देण्याकरिता. २०१० साली तिचे नाव बजाज फायनान्स झाले. आणि वाहनांपासून निघालेली ही कर्जाची वाट शीतकपाट, दूरचित्रवाणी संच व मोबाइल फोन यांपर्यंत येऊन पोचली. बँकांची कार्डे व अशा वित्तसंस्था यांच्या मदतीने आयफोनच्या किमतीचे बारा, अठरा, चोवीस तुकडे होऊ लागले. ८२,९०० ही रक्कम ऐकून जो मागे फिरतो, तो महिना ३,४५४ रुपये ऐकून थबकतो. २००८ साली अमेरिकेच्या गिऱ्हाईकास जी सोय टेलिफोन कंपनीने केली होती, तीच भारतीय गिऱ्हाईकास पुढे वित्तसंस्थेने करून दिली.

या हप्त्यांना व्याज नाही असे सांगितले जाते. त्यातील मेख समजून घेण्यासारखी आहे. कर्ज देणारा आपले व्याज सोडीत नाही. ते कारखानदार किंवा दुकानदार सूट म्हणून स्वतः भरतो, आणि अशी सूट देणे परवडावे एवढी जागा त्याने किमतीत राखलेली असते. रोखीने घेणारास कित्येकदा ती सूट मिळत नाही. म्हणजे हप्तेवाल्याच्या व्याजाचा अंश रोखवाल्याकडूनही येतो. प्रक्रिया-शुल्क म्हणून काही रक्कम निराळीच घेतली जाते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजाविले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, आणि गिऱ्हाईकापासून व्याज झाकून ठेवणाऱ्या योजना चालवू नयेत. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने तारणाशिवाय दिल्या जाणाऱ्या वैयक्तिक कर्जांबाबत बँका व वित्तसंस्था यांनी अधिक भांडवल राखावे असा दंडक घातला. एका घराचा हप्ता लहान दिसतो. पण लक्षावधी घरांचे हप्ते एकत्र केले, तर तो मध्यवर्ती बँकेच्या काळजीचा विषय होतो, हे यावरून कळते.

हप्ता सर्वस्वी वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या यंत्रावर मनुष्याचा व्यवसाय चालतो ते हप्त्याने घेतले तर ते स्वतःचे मोल फेडते. पूर्वी शिंप्याचे शिवणयंत्र असेच फिटत असे. परंतु हप्ता किमतीला लहान करीत नाही. तो फक्त तिला दृष्टीआड करतो. रोख रक्कम मोजताना हात जो क्षणभर अडतो, तो क्षण हप्त्यात नाहीसा होतो. आणि पुण्या-मुंबईच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांची सारी शहाणीव त्या अडलेल्या क्षणात साठविलेली होती. अंथरूण पाहून पाय पसरावे असे जुने लोक सांगत. हप्त्याने पाय तेवढे लांबतात, अंथरूण होते तेवढेच राहते.

मुंबईत १८ एप्रिल २०२३ रोजी आणि दिल्लीत त्यानंतर दोनच दिवसांनी ॲपलने स्वतःची दुकाने उघडली. बेंगळूरचे दुकान २ सप्टेंबर २०२५ रोजी आणि पुण्याचे ४ सप्टेंबर रोजी सुरू झाले. उद्‌घाटनापूर्वी पुण्याच्या दुकानाची दर्शनी बाजू मोरपिसांच्या चित्रांनी मढविली होती. एकेकाळी आपली किंमत आणि आपले नियम घेऊन आलेल्या कंपनीने येथील राष्ट्रीय पक्ष्याची पिसे दारावर लावावी, यात सौजन्य आहे, तसाच सतरा वर्षांचा अनुभवही आहे. ही सतरा वर्षे गिऱ्हाईकाने कोणतीही सभा भरविली नाही, होळी पेटविली नाही, शपथ घेतली नाही. त्याने फक्त हिशेब केला आणि न परवडणारी वस्तू दुकानात तशीच राहू दिली. तेवढ्याने जुना माल परत गेला, नवा माल आला, तफावत मिटली, आणि कारखाने या भूमीवर उभे राहिले. जकात आणि सरकारी धोरण यांचाही त्यात वाटा आहे. परंतु गिऱ्हाईकाने पहिल्याच वर्षी मुकाट्याने पैसे मोजले असते, तर कोणाही कारखानदाराला आपली रीत बदलण्याची गरज वाटली नसती.

म्हणूनच या हिशेबी वृत्तीस कृपणपणा म्हणून हसण्यापूर्वी तिने काय साधले ते पाहावे. सार्वजनिक काकांच्या काळी ती वृत्ती देशी मालाच्या आड आली होती. एकविसाव्या शतकात तिनेच परदेशी मालाला या मातीत कारखाना काढावयास लावले. तिची खरी परीक्षा मात्र आता आहे. पूर्ण किंमत समोर असताना नाही म्हणणे तिला चांगले जमते. त्याच किमतीचे चोवीस तुकडे करून पुढे ठेवले असता त्यांची बेरीज करावयास ती विसरली नाही, तरच तिने मिळविलेले तिच्यापाशी टिकेल.